कोणत्या मातेची कन्या

डिलाईल रोड, मुंबई
१७ सप्टेंबर २०२३

दर्शना,

तुझं कार्ड मिळालं. वर निळा झगा घातलेली बाई, कडेवर पोर, आणि खाली सोनेरी अक्षरात छापलंय, ‘शांतीमातेची कन्या सिस्टर मारिया दर्शना हिच्या कायमच्या व्रतांचा विधी’. मी दोनदा वाचलं. कोणत्या मातेची कन्या? मी माझं नाव शोधलं, कार्ड उलटं करून शोधलं. तुझ्या बाबांचंही शोधलं. ते बिचारे मेले म्हणून सुटले.

सहा वर्षं झाली तुला जाऊन. फोन तुमच्या मठात चालत नाही, आणि भेटायला आलेल्यांना जाळीच्या अलीकडे बसवतात; जाळीतून मुलीशी बोलायला मला जमणार नाही, म्हणून मी आलेही नाही आणि एक ओळ लिहिलीही नाही. आज लिहितेय, कारण आज बांद्र्याची जत्रा संपली आणि मी गेले नाही. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून, करोनाची दोन सोडली तर, एक साल चुकवलं नव्हतं. तू गेल्यावरही जातच होते. टेकडीवरच्या चर्चात मोतमावलीसमोर मेणबत्ती लावायची नि म्हणायचं, माझी मुलगी परत दे. यंदा कशाला जाऊ? तिचं उत्तर छापूनच आलं.

तुला आठवत नसेल. ताप तुझ्या डोक्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले, देवाचं नाव घ्या. मी रवळनाथाचं घेतलं, भराडीचं घेतलं. मग शेजारची रेजिना म्हणाली, “चंपा, मोतमावलीकडे जाऊन ये. ती आय हाय, तिला कळते.” मी अनवाणी टेकडी चढले. मेणाची बाहुली तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, हिला वाचव, हिला तुझ्या ओटीत घातली.

असं सगळ्याच बायका म्हणतात गो. आमच्या गावी देवीच्या ओटीत पोर घालतात आणि खण-नारळ देऊन परत मागून घेतात. देवी देते. बाई घाबरलेली होती, बोलून गेली, हे तिला कळतं. ही तुझी मोतमावली मात्र शब्दाला धरून बसली. तू मोठी होईपर्यंत थांबली. मी तुला खाऊ-पिऊ घातलं, बीकॉम केलं, नोकरीला लावलं, आणि मग तिने उचलली. तिचा स्वतःचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत गेला म्हणतात. तिला तरी कळायला हवं होतं.

परवा गणपती. हितेंद्र मखराच्या मागे आहे. तुझा दादा आता त्या संघटनेत मोठा माणूस झालाय, पालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणतो. कार्ड त्याला दाखवलेलं नाही.

तुझी (कोण, ते तूच छाप),
चंपा


शांतीमाता मठ, वाईजवळ
८ ऑक्टोबर २०२३

ती. आईस सा. न.

आमची पत्रं मोठ्या सिस्टर आधी वाचतात. तुझं पत्र हातात देताना म्हणाल्या, “तुझी आई फार छान चिडते.” सहा वर्षांत मला कोणी इतकं हसवलं नव्हतं. मग खोलीत जाऊन पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

तू एकदा बोलून गेलीस म्हणतेस. पण मला ते किती वेळा सांगितलंस? दर सप्टेंबरला रांगेत उभं असताना सांगायचीस. पाहुणे आले की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचीस, “ही माझी नव्हे, ही मोतमावलीची.” दादाला मार बसायचा, मला नाही. “हिला हात लावायचा नाही, दुसऱ्याची ठेव आहे.” दादा कोपऱ्यात रडत माझ्याकडे कसा बघायचा ते मला अजून आठवतं. मी तुझं खरं मानलं, आई. लहान मुलं आईचं खरंच मानतात.

पण मी तेवढ्यासाठी इथे आलेले नाही, हेही तुला कळावं. लोअर परळच्या त्या ऑफिसातून सुटले की मी चर्चमध्ये नुसती बसायचे. मला तिथे कोणी बोलावलं नव्हतं. रेजिनाआंटीने तर अडवलं. म्हणाली, “तुझी आई माझ्याशी बोलणं टाकेल.” तिला दोष देऊ नकोस.

माऊलीचा मुलगाही एकदा हरवला होता. बारा वर्षांचा होता, सणाहून परतताना वाटेत दिसेना. तिने तीन दिवस शोधला. सापडला तो देवळात, पंडितांमध्ये बसलेला. ती म्हणाली, बाळा, आमच्याशी असं का वागलास? तो म्हणाला, मला शोधत का होता? मी माझ्या पित्याच्याच घरी असणार, हे कळलं नाही का? हे ऐकून तिला जे वाटलं असेल, तेच आज तुला वाटतंय. म्हणून मी तिच्याशी तुझ्याबद्दल बोलते. दुसऱ्या कोणाशी बोलू?

कार्ड सगळ्यांचं एकच असतं, फक्त नाव बदलतात. तुझं नाव नाही याचं मलाही लागलं. पण आमच्या मठाची एक रीत आहे. विधीच्या सुरुवातीला फादर विचारतात, “हिला इथवर कोणी आणलं?” तेव्हा घरच्या माणसाने उभं राहून ‘मी’ म्हणायचं. माझ्या घरचं कोणी नसेल तर स्वयंपाकघरातल्या सिस्टर उभ्या राहतील. त्या चांगल्या आहेत. पण त्यांनी मला आणलेलं नाही.

८ डिसेंबर, सकाळी दहा. ये ना.

दर्शना


डिलाईल रोड
५ नोव्हेंबर २०२३

दर्शना,

तुझी ती गोष्ट मी रेजिनाला वाचायला लावली, तिच्या पुस्तकातून. तू जिथे थांबलीस त्याच्या पुढेही आहे. तो पोरगा उठला आणि आईबापाबरोबर घरी गेला. आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. तेवढी ओळ तू गाळलीस. देवाचा मुलगा तीन दिवसांनी घरी गेला, माझी मुलगी सहा वर्षांत नाही.

रेजिना म्हणाली, “बाय माझे, तू तर फादरशी भांडशील.” भांडेन. मला काय भीती आहे?

दादाला मार बसायचा हे खरं. त्याला मारलं कारण तो माझा होता. तुला भीतभीत वाढवलं. आता कळतं, दोघांचंही चुकलंच.

बरं. मी येते. कार्ड शेवटी हितेंद्रला दाखवलं. मला वाटलं घर डोक्यावर घेईल, पण नाही. शांतपणे म्हणाला, “आई, जाऊया. आपल्या माणसांनी जायलाच पाहिजे.” गाडीही तोच करणार आहे. एका कागदावर सही हवी होती ती दिली, त्याचं काय ते भेटीत बोलू.

तुमच्यात काय नेसून यायचं असतं? पांढरं मी नेसणार नाही, आधीच सांगते. आणि खायला काय आणू? खाजं चालतं का, की ते पण सोडलंस?

आई


शांतीमाता मठ
१९ नोव्हेंबर २०२३

आई,

तू येतेस! मी पत्र घेऊन स्वयंपाकघरात धावत गेले, आणि इथे धावायचं नसतं.

हवं ते नेस. तुझी ती मोरपंखी नेस, बाबांनी बोनसात घेतलेली. खाजं आण, भरपूर आण, आम्ही अकरा जणी आहोत आणि सिस्टर ॲग्नेस ऐंशी वर्षांच्या असून गोडावर तुटून पडतात. दादाला म्हणावं, तू आलास हे मी कधीच विसरणार नाही. त्याचा माझ्यावर राग असेल असं धरून चालले होते. मी किती चुकले!

फाटकाशी माऊलीची मूर्ती आहे, तिथून आत ये. तिची फुलं मीच लावते. पहिल्या बाकावर तुझी जागा ठेवली आहे. आणि मोठ्या सिस्टरनी एक परवानगी दिली आहे, जी इथे सहसा देत नाहीत. विधी झाल्यावर जाळी उघडणार. एकदा तुला मिठी मारता येईल.

फादरांनी विचारलं की मोठ्याने ‘मी’ म्हण. तुझा आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकाला जातो, लाजू नकोस.

दर्शना


शांतीमाता मठ
१४ डिसेंबर २०२३

आई,

तू आलीस.

मी पहिल्या बाकाकडे बघत होते. रिकामा होता. वाटलं, घाटात गाडी अडकली असेल. मोठ्या सिस्टरनी माझ्यासाठी फादरांना थांबायला सांगितलं. ते थांबले. मग फाटकाशी घोषणा ऐकू आल्या आणि त्यात मला दादाचा आवाज ओळखू आला.

पोलीसही आले होते. त्यांच्याशी मला भांडण नाही. बाई अधिकारी होत्या, बूट काढून चॅपलमध्ये आल्या. तक्रारीचा कागद वाचून दाखवला. मुलीला फूस लावली, औषधं देऊन गुंगीत ठेवलं, कोंडून ठेवलं. खाली तुझी सही. ‘चंपा’वरचा अनुस्वार तू बारीक गोल काढतेस, तसाच होता. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “तुम्हाला इथे औषध देतात का?” मी म्हटलं, सर्दी झाली की देतात. मी एकतीस वर्षांची आहे, माझ्या मर्जीने आले, असं लिहून दिलं. त्या बाई ‘सॉरी’ म्हणाल्या आणि गेल्या.

दादाची माणसं मात्र गेली नाहीत. कोणीतरी फाटकाशी माऊलीवर दगड मारला. तिचा हात तुटला आणि त्या हातावरचं बाळ खाली माझ्या झेंडूंत पडलं. सिस्टर ॲग्नेस त्या आवाजाने आतलं दार उघडून धावत गेल्या. मठात आल्यापासून त्या कधी दाराबाहेर पडल्या नव्हत्या. माणसांच्या पायांमध्ये वाकून त्यांनी ते बाळ उचललं आणि झग्याच्या आत धरून आणलं. त्यांच्या पाठीवर कोणीतरी थुंकलं होतं. मीच झगा धुतला.

मी खिडकीत होते. मला गाडी दिसत होती. मोरपंखी साडी दिसत होती. एवढं सगळं होईपर्यंत तू खाली उतरली नाहीस. तुझी नि माझी नजर एक झाली, आणि तू पडदा ओढलास.

विधी झाला नाही. कोणी आणलं, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

दर्शना


डिलाईल रोड
१० जानेवारी २०२४

दर्शना,

सही माझीच. फसवून घेतली असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण वाचून केली. ‘औषध’ वाचल्यावर मी हितेंद्रला म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, असं लिहावंच लागतं, कागद बघून ते घाबरतील आणि तिला सोडून देतील. मी केली सही. मला तू पाहिजे होतीस. कशी मिळशील ते मी विचारलं नाही.

आता गाडीचं सांगते. मी उतरणार होते. मी तुझा हात धरून तुला ओढत आणायचं असं ठरलं होतं. चप्पल पायात घातली होती, दाराची कडी हातात होती. तेवढ्यात त्या अजितने, हितेंद्रच्या दोस्ताने, दगड मारला. बाळ खाली पडलेलं मी पाहिलं. आणि तुला खोटं वाटेल, पण मला एवढंच वाटलं की आता ती मला ओळखणार. दर सालचं माझं तोंड तिला पाठ असणार. बांद्र्याची काय, वाईची काय, ती एकच ना? मी तोंड लपवायला पडदा ओढला. तू खिडकीत आहेस हे मला दिसलंसुद्धा नव्हतं. तू म्हणतेस नजर एक झाली. नाही झाली. मी तिच्यापासून लपत होते.

आणि मी रडले. त्याचा फोटो, पडदा ओढायच्या आधी, त्यांच्यातल्याच कोणीतरी मोबाइलवर काढलाय.

आता नाक्यावर बॅनर लागलाय. माझं तोंड आहे त्यावर, दोन मजले उंच. ‘एका आईचा टाहो’. खाली हितेंद्र हात जोडून उभा. मी पोळीभाजी केंद्रात कामाला जाते ती रोज माझ्याच रडक्या तोंडाखालून. परवा एक बाई बॅनरला नमस्कार करायला थांबली. मी मध्ये आले तर म्हणाली, “मावशी, जरा सरका.”

मी कशासाठी रडत होते, ते कोणी विचारलं नाही. हितेंद्रनेही नाही. घरात सगळे माझ्याशी फार चांगले वागतात. वाफाळता चहा हातात मिळतो. सभेला खुर्ची मिळते.

रेजिनाच्या दारावरचा क्रूस कोणीतरी उपटून नेला. खिळे तसेच आहेत. ती माझ्याशी बोलत नाही.

खाजं परत आणलं. कोणी खाल्लं नाही.

आई


शांतीमाता मठ
२ मार्च २०२४

आई,

हे इथून शेवटचं पत्र.

जानेवारीत माणसं पुन्हा आली होती. दादा नव्हता, दुसरेच होते. आता ते रस्ता शिकले आहेत. मग गावातल्या गवळ्याला कोणीतरी दम दिला आणि आमचं दूध बंद झालं. म्हाताऱ्या सिस्टर काळा चहा पितात आणि मी आत आले की कप लपवतात. मला जा असं कोणी म्हटलं नाही. मोठ्या सिस्टर एवढंच म्हणाल्या, “काही दिवस, दर्शना.” किती दिवस, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मग त्या रडल्या, आणि समजूत मलाच घालावी लागली.

झगा घडी करून ठेवला. कोणाच्यातरी भाचीचा पंजाबी ड्रेस दिलाय, तो घालून उद्या निघेन.

तू जिंकलीस. मी तिची राहिले नाही. पण म्हणून मी घरी येणार नाही. त्या बॅनरखालून मी येऊ शकत नाही. शोधू नकोस, दादाला शोधू देऊ नकोस. पत्ता देणार नाही.

एक सांगते, कारण हे पत्र मी उद्या बाहेर पडून टाकणार, ते आधी वाचणारं कोणी नाही. माझी प्रार्थना बंद पडली आहे. ‘नमो मारिया’ म्हणायला बसले की गाडीच्या खिडकीतलं तुझं तोंड येतं. तू लपत होतीस म्हणतेस. असशीलही. पण मला आता एकीकडे बघितलं की दुसरी दिसते, आणि दोघींचाही राग येतो. तुला तिचा हेवा वाटत होता ना? मग खूश हो.

दर्शना


डिलाईल रोड
१६ सप्टेंबर २०२४

दर्शना,

हे पत्र रेजिनाकडे देणार आहे. तुझा पत्ता तिला माहीत आहे का, ते तिने सांगितलं नाही. “पत्र आण” एवढंच म्हणाली, आणि दार लावलं.

काल बांद्र्याला गेले. फूल नाही, मेण नाही, काही नेलं नाही. रांगेतल्या बाईने विचारलं, “काय मागायचंय?” मी म्हटलं, भांडायचंय. ती हसली. समोर उभी राहिले तेव्हा म्हटलं, माझ्याकडून घेतलीस, मी तुझ्याकडून काढली, आता ती दोघींकडे नाही. तुला पटतं का हे? मागच्यांनी धक्का दिला, मला पुढे व्हावं लागलं.

दुसरं सांगायचं म्हणजे, बॅनर गणपतीतच उतरला. मी उतरवला. विसर्जनाची गाणी चालू होती, भरदुपारी, सगळ्यांदेखत. केंद्रातली कोयती नेली, मांडववाल्यांची शिडी नेली. दोरी कापायची होती पण हात पोचेना, म्हणून मग माझं तोंडच कापलं. गळ्यापासून वर. हितेंद्र धावत आला. “आई, वेड लागलं का? खाली उतर, लोक बघतायत!” मी म्हटलं, बघू देत, त्यासाठीच लावला होतास ना? तो मला हात धरून उतरवत होता आणि त्याची नजर कोयतीवर होती. एवढा मोठा झाला, पण माझ्या हातात काही असलं की अजून मागे सरतो.

त्याला मी म्हटलं, दगड अजितने मारला पण गाडी तू केलीस आणि सही मी. तो म्हणाला, “मी तुझ्यासाठीच केलं. लहानपणापासून तुझ्या तोंडात तिचंच नाव.” आणि निघून गेला. उमेदवारी त्याला मिळणार नाही असं ऐकते. अजितला मिळणार. तेव्हापासून हितेंद्र जेवायला बसतो तो भिंतीकडे तोंड करून. मला राग येत नाही. त्याला काय देऊ, ते कळत नाही.

तू कुठे आहेस ते सांगू नकोस. जिवंत आहेस एवढं सांग.

आई


दादर
२१ नोव्हेंबर २०२४

आई,

रेजिनाआंटीने पत्र दिलं. माझा पत्ता तिला पहिल्यापासून माहीत आहे. तिने मला दोनदा पैसे देऊ केले आणि तुझ्याविषयी एकदाही वाईट बोलली नाही. तिच्या दारावर क्रूस नवा लागला का, ते तू लिहिलं नाहीस.

मी जिवंत आहे. शिवाजी पार्कला राजलक्ष्मी नावाच्या एक वृद्ध बाई आहेत, त्यांना सांभाळते. त्या कॉलेजात शिकवायच्या. आता त्यांना काही आठवत नाही. मला ‘आई’ म्हणतात. भरवताना तोंड उघडायच्या आधी विचारतात, “आई, तू जेवलीस?” पहिले काही दिवस मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहायचे. आता हो म्हणते.

मठातून बोलावणं आलेलं नाही. येणार नाही. सिस्टर ॲग्नेस गेल्या, असं कळलं.

तू विचारणार, म्हणून आधीच लिहिते. मी तुला पाहिलं. गेल्या गुरुवारी, दादरच्या भाजी बाजारात. तू वालाच्या शेंगा निवडत होतीस. मी समोर फुलवाल्यांच्या रांगेत उभी होते. तू एक हात कमरेवर ठेवला होतास, दुखत असावी. मी हाक मारली नाही. पुढेही मारणार नाही. माझं मन विरघळलं असं समजू नकोस. तुझ्याकडे बघून काय वाटतं, तेवढंच मला बघायचं होतं. राग आला. आणि भूक लागली.

उत्तर पाठवू नकोस.

दर्शना


डिलाईल रोड
२ डिसेंबर २०२४

दर्शना,

उत्तर नको म्हणालीस, तरी पाठवते. माझं कधी कोणी ऐकलं, जे मी ऐकू?

मी तुला पाहिलं होतं. तू मला बघायच्या आधी. निळा ड्रेस, मनगटाला रबर, केस मानेपर्यंत कापलेले. फुलवाल्याने हार पुढे केला तर नको म्हणून मान हलवलीस, ती तुझ्या बाबांसारखी. मी लगेच शेंगांकडे वळले. मी बघितलं हे तुला कळलं असतं तर तू गेली असतीस. म्हणून निवडत बसले. चांगल्या शेंगा संपल्या, मग किडक्या निवडल्या. भाजीवाली ओरडली, “मावशे, घ्यायच्या नसतील तर माल सोड ना!” मी तिला म्हटलं, थांब गो, जरा थांब. माझी पाठ तुझ्याकडे होती. तू कधी गेलीस ते मला कळलं. पाठीला कळतं.

कंबर दुखत नाही. उगाच काळजी करू नकोस.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला ‘केलं माफ’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागेल, आणि दोन्ही तुला जड जाईल. घरी ये असंही म्हणत नाही. घरात तुझा दादा भिंतीकडे तोंड करून जेवतो आणि मी त्याच्या पाठीकडे बघत जेवते. तिथे तुला कुठे बसवू?

मोतमावलीकडेही आता काही मागणार नाही. तिला कोणाचं पोर राखता आलं असतं तर तिने आधी स्वतःचं राखलं असतं.

दर गुरुवारी दुपारी चारला मी त्याच भाजीवालीकडे असते. गर्दी असते, कोणाला काही कळत नाही. थांबू नकोस, बोलू नकोस. नुसती माझ्या मागून जात जा.

मी वळणार नाही.

आई